मित्राने लावलेले लग्न अमेरिकेत कायद्याने टिकते का? ऑनलाइन ऑर्डिनेशनवर विसंबण्यापूर्वी करावयाची तपासणी

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलामुलींची लग्ने ठरतात तेव्हा हॉल, केटरर आणि पाहुण्यांची यादी यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न हमखास निघतो, तो म्हणजे लग्न लावणार कोण. मुलगी मराठी आणि मुलगा आयरिश, तमिळ किंवा ज्यू असला की दोन्ही घरांना चालेल असा एकच पुरोहित सापडत नाही. मग तोडगा निघतो की दोघांनाही ओळखणाऱ्या कॉलेजच्या मित्राने किंवा मैत्रिणीनेच लग्न लावावे. हा मित्र एखाद्या संकेतस्थळावर नाव, पत्ता आणि ईमेल भरतो आणि थोड्याच वेळात ‘मिनिस्टर’ म्हणजे धर्मोपदेशक होतो. यालाच ऑनलाइन ऑर्डिनेशन म्हणतात. पुण्यात बसलेल्या आईवडिलांना हा पोरखेळ वाटतो आणि मुलांना त्यात काही वावगे दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत अशी लग्ने बिनघोर नोंदली जातात, तरीही काही राज्यांतील न्यायालयांनी अशीच लग्ने मुळात झालीच नव्हती असे निकाल दिलेले आहेत. म्हणून मित्राला होकार देण्यापूर्वी कोणत्या क्रमाने काय तपासावे, हे पुढे सविस्तर मांडले आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे आणि नियम बदलत असतात. ज्यांच्या बाबतीत व्हिसा, मालमत्ता किंवा पूर्वीचा घटस्फोट गुंतलेला आहे, त्यांनी संबंधित राज्यातील वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कायदा नेमके काय मागतो

अमेरिकेत लग्नाचा कायदा केंद्राचा नसून प्रत्येक राज्याचा स्वतंत्र आहे आणि त्याची कार्यवाही काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग), शहर किंवा गावाच्या क्लर्कच्या कार्यालयातून होते. साधारणपणे तीन गोष्टी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, वधूवरांनी स्वतः जाऊन मॅरेज लायसन्स, म्हणजे लग्नाचा सरकारी परवाना, काढणे. दुसरी, त्या लायसन्सच्या मुदतीत, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीसमोर दोघांनी परस्परांना स्वीकारल्याचे जाहीर करणे. तिसरी, त्या व्यक्तीने सही केलेले लायसन्स ठरलेल्या दिवसांत क्लर्ककडे परत पोहोचणे. ऑनलाइन ऑर्डिनेशनचा संबंध फक्त दुसऱ्या गोष्टीशी येतो. पहिली आणि तिसरी गोष्ट त्याने सुटत नाही, आणि प्रत्यक्षात गफलती होतात त्या बऱ्याचदा तिथेच.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. क्लर्कने लायसन्स दिले आणि नंतर नोंदवूनही घेतले, याचा अर्थ लग्न लावणाऱ्याचा अधिकार शासनाने तपासून मान्य केला असा होत नाही. बहुतेक कार्यालये कागद पूर्ण भरला आहे की नाही एवढेच पाहतात. अधिकाराचा प्रश्न उपस्थित झालाच तर तो वर्षांनंतर होतो, म्हणजे घटस्फोटात, वारसाहक्काच्या भांडणात, विमा किंवा पेन्शनच्या दाव्यात. आणि तो उपस्थित करतो तो असा माणूस, ज्याला ते लग्न नसल्यास फायदा आहे.

ही सोय आली कोठून

या पद्धतीचे मूळ कॅलिफोर्नियातील मोडेस्टो गावी आहे. तेथे कर्बी हेन्सली या धर्मोपदेशकाने युनिव्हर्सल लाइफ चर्च स्थापन केले आणि ज्याला हवे त्याला टपालाने ऑर्डिनेशन देण्यास आरंभ केला. १९७४ मध्ये या चर्चच्या करसवलतीच्या खटल्यात कॅलिफोर्नियातील फेडरल (केंद्रीय) न्यायालयाने निकाल चर्चच्या बाजूने दिला आणि एखाद्या धर्माच्या खरेखोटेपणाची छाननी करणे हे शासनाचे काम नाही, अशी भूमिका घेतली. पुढे इंटरनेट आले आणि टपालाचे काम संकेतस्थळे करू लागली. आज सिएटलमधील युनिव्हर्सल लाइफ चर्च मॉनेस्टरी आणि अमेरिकन मॅरेज मिनिस्ट्रीज या संस्था या कामासाठी विशेष परिचित आहेत. ऑर्डिनेशन विनाशुल्क मिळते. पैसे लागतात ते छापील प्रमाणपत्र, ‘लेटर ऑफ गुड स्टँडिंग’ (मिनिस्टर म्हणून नाव संस्थेत कायम असल्याचे पत्र) अशा कागदांना.

राज्यांची अडचण येथूनच सुरू होते. कोणता धर्म खरा हे ठरवण्यास अमेरिकी घटनेची धर्मस्वातंत्र्य देणारी पहिली दुरुस्ती त्यांना मनाई करते. परंतु लग्न लावण्याचा अधिकार कोणाला द्यायचा हे ठरवणे मात्र त्यांच्याच हातात असते, आणि बऱ्याच कायद्यांत ‘नियमित स्थापन झालेल्या चर्चचा किंवा उपासक समुदायाचा मिनिस्टर’ अशा अर्थाची भाषा आहे. संकेतस्थळावर फॉर्म भरणाऱ्याचा असा कोणता समुदाय आहे, या प्रश्नावर न्यायालयांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिली पायरी: समारंभाची जागा आधी पक्की करा

तुम्ही कोठे राहता याला येथे फारसे महत्त्व नाही. सोहळा ज्या राज्यात होणार, त्या राज्याचा कायदा लागू होतो. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणारे जोडपे शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील पोकोनोच्या डोंगरातले रिसॉर्ट ठरवते, तेव्हा अंतर फारसे नसले तरी कायदा पूर्ण बदलतो. न्यू जर्सीचे लायसन्स तेथे निरुपयोगी ठरते, पेनसिल्व्हेनियातील कोणत्याही काउंटीतून नवे लायसन्स काढावे लागते आणि मित्राच्या अधिकाराची कसोटीही पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यावर लागते. त्यामुळे हॉलला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी राज्य कोणते याचा विचार व्हावा. तो सहसा होत नाही.

दुसरी पायरी: त्या राज्याची भूमिका समजून घ्या

कॅलिफोर्नियासारखी राज्ये या बाबतीत मोकळी आहेत. तेथे कोणत्याही धर्माची अधिकृत व्यक्ती, वय १८ किंवा अधिक असल्यास, लग्न लावू शकते, राज्याकडे तिची आगाऊ नोंदणी लागत नाही, आणि वधूवरांखेरीज अन्य कोणाच्या हातून नियमपालनात चूक राहिली तर तेवढ्यावरून लग्न रद्द होत नाही असे तेथील कुटुंब कायदा सांगतो. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ मध्ये मृत्युपत्राच्या एका वादात युनिव्हर्सल लाइफ चर्चच्या मिनिस्टरने लावलेले लग्न वैध ठरवले. युटा राज्याने २००१ मध्ये इंटरनेटवरून ऑर्डिनेशन घेतलेल्यांना मनाई करणारा कायदा केला होता, तो पुढच्याच वर्षी फेडरल न्यायालयाने रद्द केला.

दुसऱ्या गटातील राज्ये ऑर्डिनेशन कोठून घेतले हे विचारण्यापेक्षा नोंदणी मागतात. ओहायोत लग्न लावणाऱ्याला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून लायसन्स घ्यावे लागते. मिनेसोटात काउंटीकडे आपले अधिकारपत्र नोंदवावे लागते. नेवाडात काउंटी क्लर्ककडून परवानगीचे प्रमाणपत्र लागते. न्यूयॉर्क शहरात सिटी क्लर्ककडे नोंदणी करावी लागते. हाच नियम मंदिरातल्या गुरुजींनाही लागू आहे. भारतातून खास लग्नासाठी आणलेले गुरुजी कितीही विद्वान असले तरी ओहायोतील लायसन्सवर त्यांची सही या नोंदणीशिवाय चालत नाही, याकडे आपल्या लोकांचे लक्ष क्वचितच जाते.

तिसरा गट खऱ्या अर्थाने जोखमीचा आहे आणि तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९७२ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये न्यायालयांनी युनिव्हर्सल लाइफ चर्चच्या मिनिस्टरने लावलेली लग्ने शून्यवत ठरवली. २०१३ मध्ये राज्याच्या दुसऱ्या एका अपिलीय न्यायालयाने वेगळा सूर लावला. त्या विशिष्ट चर्चचे स्वरूप काय आहे याचा पुरावा घेतल्याशिवाय असा निष्कर्ष काढता येणार नाही, असे सांगून त्याने प्रकरण खाली परत पाठवले. म्हणजे राज्याच्या एका भागातील न्यायालयांवर जुना कडक निकाल बंधनकारक, तर दुसऱ्या भागात पुराव्यावर अवलंबून, अशी स्थिती झाली. सिटी क्लर्कने नोंदणी केली म्हणून ही टांगती तलवार जात नाही.

व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच अशा मिनिस्टरांना लग्न लावण्याचा अधिकार नाही असे म्हटले. तेथे धर्मगुरूलाही सर्किट कोर्टाचा आदेश घ्यावा लागतो.

नॉर्थ कॅरोलायनातील प्रकरण तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. एका माणसावर द्विभार्याविवाहाचा खटला भरला गेला आणि खालच्या न्यायालयात तो दोषी ठरला. त्याचे पहिले लग्न वधूच्या वडिलांनीच लावले होते. हे गृहस्थ रोमन कॅथलिक होते आणि त्यांनी १० डॉलर भरून टपालाने युनिव्हर्सल लाइफ चर्चचे अधिकारपत्र मागवले होते. १९८० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की असा समारंभ कायद्याला अभिप्रेत असलेला विवाह नव्हे. पहिले लग्नच सिद्ध होत नसल्याने दुसरे लग्न गुन्हा ठरत नाही, म्हणून त्याची शिक्षा रद्द झाली. या निकालाने अनेक संसार अधांतरी झाले असते, त्यामुळे विधिमंडळाने ३ जुलै १९८१ पूर्वीची अशी लग्ने वैध ठरवणारी तरतूद केली. त्या तारखेनंतरच्या लग्नांना ते संरक्षण नाही. आज तेथे अशी लग्ने सर्रास होतात आणि नोंदलीही जातात, तरी कायद्याच्या पुस्तकातली ही तारीख कोणी पुसलेली नाही.

पेनसिल्व्हेनियात २००७ मध्ये यॉर्क काउंटीच्या न्यायालयाने ऑनलाइन ऑर्डिनेशन घेतलेल्या मिनिस्टरने लावलेले लग्न अवैध ठरवले, कारण त्याच्यामागे नियमित उपासक समुदाय नव्हता. पुढच्याच वर्षी बक्स काउंटीच्या न्यायालयाने नेमका उलट निकाल दिला. टेनेसीत २०१९ मध्ये ‘ऑनलाइन ऑर्डिनेशन घेतलेल्या व्यक्तींनी लग्न लावू नये’ असा थेट कायदाच झाला. तो १ जुलैपासून लागू व्हायचा होता, ३ जुलैला नॅशव्हिलच्या फेडरल न्यायालयाने अंमलबजावणीस तात्पुरता अटकाव केला. २०२२ मध्ये अपिलीय न्यायालयाने कोणत्या अधिकाऱ्यांविरुद्ध हा दावा चालू शकतो आणि कोणाविरुद्ध नाही एवढ्यापुरता निर्णय दिला. टेनेसीत केवळ ऑनलाइन ऑर्डिनेशनच्या भरवशावर लग्न लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: ऑर्डिनेशनला पर्याय आहे का ते पाहा

या विषयावरील चर्चा बहुधा ‘ऑर्डिनेशन चालते की नाही’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रत्यक्षात अनेक राज्यांनी मित्राला लग्न लावता यावे यासाठी धर्माचा आधार न घेता सरळ मार्ग करून ठेवले आहेत आणि ते अधिक भक्कम आहेत.

न्यूयॉर्कमध्ये २८ मार्च २०२३ पासून एका दिवसाचे ऑफिशियंट (लग्न लावणारा) लायसन्स मिळते. १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती राज्यातील शहर किंवा गावाच्या क्लर्ककडे २५ डॉलर भरून ते काढू शकते. ते एकाच जोडप्यापुरते असते आणि लग्न लागले की संपते. वर सांगितलेला न्यायालयीन गोंधळ या एका कागदाने बाजूला पडतो. त्यामुळे २०२३ नंतर न्यूयॉर्कमध्ये मित्राकडून ऑनलाइन ऑर्डिनेशनवर लग्न लावून घेण्याचे कारण मला दिसत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरच्या कार्यालयाकडून ‘वन-डे मॅरेज डेझिग्नेशन’ मिळते. व्हरमाँटमध्ये तात्पुरत्या ऑफिशियंटची नोंदणी होते. कॅलिफोर्नियातील अनेक काउंट्या मित्राला एका दिवसासाठी नागरी विवाहाचा डेप्युटी कमिशनर नेमतात. व्हर्जिनियात सर्किट कोर्टाकडे अर्ज करून आणि ५०० डॉलरचा बाँड (हमीपत्र) देऊन सिव्हिल सेलिब्रंट, म्हणजे धर्माशी संबंध नसलेला लग्न लावणारा, म्हणून अधिकार घेता येतो. या प्रत्येक मार्गाला काही आठवडे लागू शकतात, हे गृहीत धरूनच तारीख आखावी.

दुसरा पर्याय असा की लग्न लावणारा कायद्याच्या चौकटीत नसलाच तरी चालेल. कोलोराडोत वधूवर स्वतःच स्वतःचे लग्न लावू शकतात, साक्षीदारही लागत नाही. वॉशिंग्टन डीसीतही जोडपे स्वतः ऑफिशियंट होऊ शकते. पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतून आलेले ‘सेल्फ-युनायटिंग’ लायसन्स मिळते. त्यावर वधूवर आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. पोकोनोतील त्या लग्नासाठी हाच मार्ग मी सुचवेन. मित्राने मंचावर उभे राहून सगळा समारंभ चालवावा आणि कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी, म्हणजे यॉर्क आणि बक्स काउंटीच्या मतभेदाशी तुमचा संबंधच उरत नाही. एखाद्या कार्यालयाने ‘हे फक्त क्वेकर लोकांना’ असे म्हटले तर दुसऱ्या काउंटीत विचारावे, कारण कोणत्याही काउंटीचे लायसन्स राज्यभर चालते. अलाबामात २०१९ पासून लायसन्स आणि समारंभ दोन्ही कायद्यातून गेले आहेत. नोटरीसमोर सही केलेला विवाहाचा फॉर्म ३० दिवसांत प्रोबेट कोर्टात नोंदवला की पुरे, मग मंचावर कोण आहे हे कायदा विचारत नाही.

आणि सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे आधी सिटी हॉलमध्ये किंवा कोर्टात जाऊन न्यायाधीश वा क्लर्कसमोर कायदेशीर लग्न करावे आणि नंतर हौसेने मित्राकडून सोहळा करून घ्यावा. मग सोहळ्यात अंतरपाट धरा, ज्यू प्रथेप्रमाणे काच फोडा किंवा दोन्ही करा. काहींना यामुळे ‘खरे लग्न’ कोणते असा प्रश्न पडतो आणि आजीला आधीच्या कोर्टातील लग्नाचे कळू द्यायचे नाही अशीही कसरत चालते. ती कसरत घरच्यांनी करावी. कायद्यासाठी मात्र हा मार्ग निर्विवाद आहे.

चौथी पायरी: क्लर्कच्या कार्यालयाला योग्य प्रश्न विचारा

फोन करून ‘माझा मित्र लग्न लावू शकतो का’ असे विचारले की बहुतेक ठिकाणी ‘ऑर्डेन झालेला असेल तर हो’ असे उत्तर मिळते आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी नेमके विचारावे: लग्न लावणाऱ्याची राज्याकडे किंवा काउंटीकडे आगाऊ नोंदणी लागते का, परराज्यातील व्यक्तीसाठी नियम वेगळा आहे का, एका दिवसाचा परवाना मिळतो का, साक्षीदार किती, लायसन्स मिळाल्यानंतर किती वेळ थांबावे लागते आणि ते किती दिवस चालते. उत्तर शक्यतो ईमेलने मागवावे आणि जपून ठेवावे. क्लर्कचे उत्तर न्यायालयाला बंधनकारक नसले तरी तुम्ही सद्भावनेने वागलात याचा तो पुरावा असतो.

ऑर्डिनेशनचाच मार्ग घ्यायचा ठरला तर मित्राने ते स्वतःच्या पासपोर्टवरील किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवरील पूर्ण नावाने घ्यावे. घरात सगळे ‘बंटी’ म्हणतात म्हणून तेच नाव भरलेले प्रमाणपत्र पुढे अडचणीचे ठरते. प्रमाणपत्र आणि ‘लेटर ऑफ गुड स्टँडिंग’ यांच्या मूळ प्रती मागवून त्यांच्या छायाप्रती वधूवरांनीही जवळ ठेवाव्यात, कारण गरज पडेल तेव्हा मित्र संपर्कात असेलच असे नाही.

प्रतीक्षेचा काळ आणि मुहूर्त यांचा मेळ घालणे हे आपल्याकडचे खास काम आहे. न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मिळाल्यापासून २४ तास थांबावे लागते आणि ते ६० दिवस चालते. शुक्रवारी दुपारी तीन वाजता लायसन्स घेऊन शनिवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांच्या मुहूर्तावर लावलेले लग्न या नियमात बसत नाही. टेक्सासमध्ये हा काळ ७२ तासांचा आहे. न्यू जर्सीत ७२ तास आणि पेनसिल्व्हेनियात तीन दिवस थांबावे लागते ते अर्ज केल्यापासून लायसन्स हाती येईपर्यंत. कोलोराडोत थांबावे लागत नाही, परंतु लायसन्स ३५ दिवसांतच वापरावे लागते. भारतातून लग्नासाठी येणाऱ्या वधूने किंवा वराने विमानाचे तिकीट काढतानाच हे दिवस मोजावेत.

पाचवी पायरी: समारंभात कायद्याला हवे ते वाक्य येऊ द्या

समारंभ कसा असावा हे कायदा सांगत नाही. न्यूयॉर्कचा कायदा विशिष्ट विधीची अपेक्षा नाही असे स्पष्ट म्हणतो. मात्र वधूवरांनी अधिकारी व्यक्तीसमोर आणि किमान एका साक्षीदारासमोर परस्परांना जोडीदार म्हणून स्वीकारल्याचे गांभीर्याने जाहीर केले पाहिजे, ही अट आहे आणि बहुतेक राज्यांत तिचे सार असेच आहे. आपल्या लग्नात मंगलाष्टका पाहुणे म्हणतात, मंत्र गुरुजी म्हणतात आणि वधूवर फक्त माना डोलावतात किंवा ‘मम’ म्हणतात. म्हणून सप्तपदीनंतर मित्राने दोघांना त्यांच्या नावाने, त्यांना समजणाऱ्या भाषेत, सरळ विचारावे की तुम्ही यांचा जोडीदार म्हणून स्वीकार करता का, दोघांनी ऐकू येईल असे ‘हो’ म्हणावे आणि मग मित्राने दोघे विवाहबद्ध झाल्याचे जाहीर करावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. गुरुजी विधी सांगणार आणि मित्र सही करणार अशी वाटणी असेल तर हे वाक्य सही करणाऱ्यानेच म्हणावे आणि त्या वेळी तो मंडपात हजर असावा.

मित्राने झूमवरून लग्न लावणे हा प्रकार महासाथीच्या काळात काही राज्यांनी तात्पुरता मान्य केला होता. न्यूयॉर्कमधील ती सवलत २०२१ मध्ये संपली. युटा काउंटीसारखे अपवाद सोडले तर सर्वांची प्रत्यक्ष उपस्थिती गृहीत धरावी. ज्यांना पुढे इमिग्रेशनचा अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी तर हे अधिक महत्त्वाचे आहे. वधूवर लग्नाच्या वेळी एकमेकांसमोर हजर नसतील, तर नंतर वैवाहिक शरीरसंबंध झाल्याखेरीज फेडरल इमिग्रेशन कायदा त्यांना पतीपत्नी मानत नाही.

सहावी पायरी: कागद भरणे आणि परत पोहोचवणे

ऑफिशियंटच्या रकान्यात हुद्दा आणि संप्रदाय विचारलेला असतो. ऑनलाइन ऑर्डिनेशन असल्यास हुद्दा ‘मिनिस्टर’ लिहावा आणि संप्रदाय ज्या संस्थेकडून अधिकारपत्र मिळाले तिच्या सूचनेप्रमाणे लिहावा, बहुधा तो ‘नॉन-डिनॉमिनेशनल’ (कोणत्याही एका पंथाचा नसलेला) असतो. ‘पंडित’ किंवा ‘रेव्हरंड डॉक्टर’ असे शोभेचे काही लिहू नये. एका दिवसाचा परवाना असेल तर परवान्यावर छापलेला हुद्दाच लिहावा. काळ्या शाईचे पेन वापरावे, खाडाखोड करू नये, पांढरी शाई तर अजिबात लावू नये. कॅलिफोर्नियात खाडाखोड केलेले लायसन्स परत येते आणि नव्याने सोपस्कार करावे लागतात. हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ठेवलेल्या कागदाचे काय होते हे सांगायला नको, म्हणून सह्या वेगळ्या खोलीत, टेबलावर कराव्यात.

कागद परत करण्याची जबाबदारी लग्न लावणाऱ्यावर असते. मुदत न्यूयॉर्कमध्ये ५ दिवस, कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियात १० दिवस, टेक्सासमध्ये ३० दिवस आहे. मित्र दुसऱ्या दिवशी विमान पकडणार असेल तर मूळ लायसन्स त्याच्या बॅगेत जाऊ देऊ नये. टपालाने पाठवायचे असल्यास माग ठेवता येईल अशा टपालाने पाठवावे, त्याआधी दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि काही आठवड्यांनी नोंद झाली का हे वधूवरांनी स्वतः विचारावे.

नोंद झाल्यावर सर्टिफाइड कॉपीच्या तीन-चार प्रती काढाव्यात. मित्राने संस्थेकडून मागवलेले सोनेरी किनारीचे स्मरणार्थ प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यासाठी असते. बँक, सोशल सिक्युरिटी, इमिग्रेशन आणि भारतीय वाणिज्य दूतावास यांना शासनाच्या कार्यालयाने दिलेली प्रतच लागते. भारतात ती वापरायची असल्यास ज्या राज्यात लग्न झाले त्या राज्याच्या संबंधित कार्यालयाकडून (बहुधा सेक्रेटरी ऑफ स्टेट) तिच्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे साक्षांकन, करून घ्यावे.

व्हिसा आणि दोन लग्नांचा प्रश्न

एच-४ (नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराचा) व्हिसा असो वा ग्रीन कार्डचा अर्ज, अमेरिकेचे इमिग्रेशन खाते लग्न जेथे झाले तेथील कायद्याने ते वैध आहे का हे पाहते. म्हणजे राज्याच्या कायद्यातील दोष थेट फेडरल अर्जापर्यंत पोहोचू शकतो. व्हिसावर असलेल्या जोडप्यांनी, आणि ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांनी तर नक्कीच, मित्राची हौस बाजूला ठेवून आधी कोर्टात लग्न करावे.

आपल्याकडे लग्ने दोन होतात, एक तिकडे आणि एक पुण्यात किंवा नाशिकला. यांपैकी कायदेशीर लग्न एकच असते, जे आधी वैध रीतीने झाले ते. अमेरिकेत लायसन्स काढून लग्न झाल्यावर सहा महिन्यांनी महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या अर्जात दोघांनी पूर्वीची स्थिती ‘अविवाहित’ लिहिली तर ते विधान खोटे ठरते आणि हाती दोन तारखांची दोन प्रमाणपत्रे येतात. भारतातील कागदपत्रांत एक तारीख आणि इमिग्रेशनच्या अर्जात दुसरी, असे झाले की खुलासे देत बसावे लागते. उलट, भारतात लग्न आधीच झाले असेल तर अमेरिकेतील मित्राच्या सोहळ्यासाठी लायसन्सही नको आणि ऑर्डिनेशनही नको. त्याने फक्त सोहळा चालवावा आणि कशावरही ऑफिशियंट म्हणून सही करू नये.

हेच ऑर्डिनेशन घेऊन मित्र भारतात लग्न लावू शकेल का, असेही विचारले जाते. हिंदू विवाह कायदा, १९५५ पुरोहिताची पात्रता सांगतच नाही. कलम ७ नुसार दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि असे विधी झालेले नसतील तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने लग्न सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. आंतरधर्मीय जोडप्याला विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस देऊनच जावे लागते. दोन्हीकडे अमेरिकन संकेतस्थळाच्या कागदाला काही किंमत नाही. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातही नाही: इंग्लंडमध्ये कायदेशीर भाग रजिस्ट्रारकडे किंवा मान्यताप्राप्त धार्मिक स्थळी होतो, ऑस्ट्रेलियात अधिकृत सेलिब्रंट लागतो आणि त्याला किमान एक महिना आधी नोटीस द्यावी लागते.

लग्न आधीच झाले असेल तर

शंकेच्या राज्यात मित्राने लावलेले लग्न होऊन काही वर्षे लोटली असतील तर घाबरून जाण्याचे कारण नाही, पण विषय सोडूनही देऊ नये. झालेले लग्न वैध आहे असे धरून चालण्याकडे न्यायालयांचा सर्वसाधारण कल असतो आणि काही राज्यांच्या कायद्यांत सद्भावनेला संरक्षण आहे. व्हर्जिनियात लग्न लावणाऱ्याच्या अधिकारात त्रुटी असली तरी वधूवरांपैकी एकाचाही आपण कायदेशीररीत्या विवाहबद्ध झालो असा पूर्ण विश्वास असेल, तर एवढ्या कारणाने लग्न बाद होत नाही. आपल्या राज्यात अशी तरतूद आहे का हे कुटुंब कायद्याच्या वकिलाला विचारावे. त्याच्या समोर लायसन्सची प्रत, ऑर्डिनेशनचे प्रमाणपत्र, क्लर्कशी झालेला पत्रव्यवहार आणि एकत्र भरलेली करविवरणे ठेवावीत.

तरतूद नसेल तर क्लर्क किंवा न्यायाधीशासमोर साधे नागरी लग्न पुन्हा करून घेणे हा उपाय सुचवला जातो. बहुतेक जोडप्यांना तो पुरतो, परंतु त्याने लग्नाची तारीख बदलते की पहिलीच तारीख कायम राहते, याचे उत्तर राज्यागणिक वेगळे आहे. मधल्या काळात घर घेतले असेल, दोघांपैकी एकाच्या नोकरीवर ग्रीन कार्डचा अर्ज गेला असेल किंवा विवाहपूर्व करार झालेला असेल, तर नव्या लायसन्सच्या अर्जावर ‘पूर्वी विवाह झाला होता का’ या रकान्यात काय लिहायचे हे आधी वकिलाकडून लेखी घ्यावे आणि मगच क्लर्कच्या खिडकीशी जावे.